वेणूबाई हे नाव बदललेलं आहे

विठ्ठलवाडी,
२ नोव्हेंबर २०२५

अनुया,

तुला ईमेल केला होता. त्याला तुझ्याऐवजी तुझ्या विभागाचं उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' माझ्या भावना त्यांनी समजून घ्याव्यात म्हणून मी लिहिलंच नव्हतं. म्हणून आता कागदावर, फक्त तुला. पत्ता वृंदाकाकूंकडून घेतला. बदलापूरला तुझ्या घरी गेले तर काकूंनी चहा केला, तुझ्या पदवीदानाचे फोटो दाखवले, आणि "सुषमा, तुझी पीएचडी कुठवर आली?" असं विचारलं. तू काय करून ठेवलं आहेस ते मी त्यांना सांगितलं नाही. आईला मुलीबद्दल सांगायची ती गोष्ट नव्हे.

दिवाळीच्या त्या व्याख्यानमालेत तू ऑनलाइन बोललीस. 'स्थलांतर, स्त्रीदेह आणि रानातलं ज्ञान'. त्यातला एक तुकडा कापून कुणीतरी फिरवला आणि तो फिरत फिरत आमच्या वाडीत पोचला. तू म्हणतेस, बारवीच्या काठावरच्या ठाकूर आदिवासींच्या वाडीतली वेणूबाई. एका साली ती नवऱ्याशिवाय पालेगावच्या वीटभट्टीवर गेली. तिथल्या मुकादमाने तिच्यावर बळजबरी केली. ती कुणाकडे दाद मागायला गेली नाही, ती रानात गेली, मुळ्या उकळून प्याली आणि तिने स्वतःला बरं केलं. हे बोलताना तुझा आवाज भरून आला आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय : वेणूबाई हे नाव बदललेलं आहे.

बदलून काय ठेवलंस, अनुया? आमच्या वाडीत वेणूबाई आहे. जिवंत, चालती-बोलती. संशोधनाला आलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या ओट्यावर बसून तू नाचणीची भाकरी खाल्लीस, तिच्या सुनेला स्वेटर दिलास. तिचं नाव तुझ्या कानात राहिलं आणि ती बाई मात्र विसरलीस.

आणि ती त्या साली खरंच पालेगावच्या भट्टीवर एकटी गेली होती. वाळूला, तिच्या नवऱ्याला, टीबी झाला होता. तो घरी खाटेवर आणि ती भट्टीवर विटा थापत. तिच्या त्या हंगामावर तो उठून उभा राहिला.

वाळूचा भाचा साईनाथ उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात आहे. दिवाळीला घरी आला आणि ओट्यावर सगळ्यांसमोर त्याने तो तुकडा लावला. पोराला वाटलं, आपल्या वाडीचं नाव मोबाइलमध्ये आलं. वाळूने ऐकलं, परत लावायला सांगितलं, आणि मग चुलीतलं लाकूड उचललं. "इतकी वर्सं माझ्या घरात जेवलीस आनि मना बोलली नाय?" शेवटी वेणूबाईला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं.

ती आता इथे विठ्ठलवाडीला, माझ्या भाड्याच्या खोलीत आहे. मनगट सुजलंय, हाड मोडलेलं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. काल म्हणाली, "मी नाय गो त्यातली. पन कोनाला सांगू? मोबाइलमदी नाव माझा हाय."

ती त्यातली नाही, हे मला ठाऊक आहे. ती कोण, हेही ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते विचारू नकोस.

तो व्हिडिओ काढून टाक. आणि तुझ्या तोंडाने, तुझा चेहरा दिसेल असं बोलून पाठव की वेणूबाई ती बाई नव्हे. वाडीला तुझा चेहरा माहीत आहे. माझं कुणी ऐकणार नाही, मी त्यांच्यातलीच आहे.

सुषमा


विठ्ठलवाडी,
१४ नोव्हेंबर २०२५

अनुया,

व्हिडिओ काढून टाकलास, कळलं. कापलेला तुकडा तसाच फिरतोय, हेही तुला कळलं असेल.

तुझा लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. तू हादरून गेली आहेस. तुला झोप लागत नाही. तुझ्या विद्यापीठाची एक समिती आहे, तिच्यापुढे तू हे मांडणार आहेस. वेणूबाईसाठी तू एका समुपदेशकाचा नंबर पाठवलास. बाई, तिचं मनगट सुजलंय आणि तिचं घर गेलंय. नंबर लावून ती काय बोलणार?

आणि तू स्वतः बोलून पाठवणार नाहीस, कारण 'वेणूबाई नाही असं म्हटलं तर खरी स्त्री कोण ते लोक ओळखतील, तिची गोपनीयता जपणं ही माझी जबाबदारी आहे.' यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. म्हणून तर माझं डोकं फिरलं. त्या साली वाडीतल्या दोनच बाया पुरुषाशिवाय भट्टीवर होत्या. एकीला वाचवायचं तर दुसरीला उघडं पाडायचं, असा पेच तू बांधलास, त्यात मला उभं केलंस आणि जबाबदारीचं नाव घेऊन स्वतः मागे सरकलीस. इथे एम.ए.ला आपण एका बाकावर बसायचो तेव्हा सर 'संशोधकाचं स्थान' शिकवायचे. तुझं स्थान आज मला नीट दिसलं. सात समुद्रांपलीकडे आहे ते.

मग मी त्या व्याख्यानामागचा तुझा मूळ इंग्रजी लेख मिळवून वाचला. त्यातलं एक वाक्य मराठीत लिहिते, तुझंच आहे. 'ती शासनव्यवस्थेकडून न्याय मागत नाही. तिचा न्याय रानात आहे, मुळांत आणि पाल्यात आहे.' किती सुंदर. मी तासिका तत्त्वावर शिकवते, महिनोन्‌महिने पगार होत नाही, तरी असलं वाक्य मला कधी सुचलं नसतं. कारण मी त्या वाडीत आजारी पडले आहे. आम्ही मुळ्या उकळतो कारण दवाखाना लांब आहे आणि तिथला माणूस हात लावायच्या आधी जात विचारतो. रानाची औषधं खरी आहेत, माझ्या चंद्रीमावशीला शेकडो ठाऊक आहेत. पण बळजबरीवर मुळी नसते, अनुया. हे तुला कुणीही सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, तुला तर लेखाचा शेवट हवा होता.

हे इथेच थांबवणार होते. पण परवा चंद्रीमावशी आली.

चंद्रीमावशी वांगणीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तिला काही माहीत नव्हतं. सरळ माझ्या खोलीवर आली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. वेणूबाईचं मनगट पाहिलं.

"पडलीस का गो?"

वेणूबाई म्हणाली, "वाळूनं. तुझ्या त्या अनुयाबाईनं माझा नाव घातला मोबाइलमदी."

मावशीने तुकडा लावायला सांगितला. मी नको म्हटलं. तिने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "लाव." ऐकलं. पुन्हा लावायला लावला. तुझा भरलेला आवाज त्या खोलीत दोनदा घुमला. खालच्या मजल्यावर आमच्या सिंधी मालकीणबाई पापड वाळत घालत होत्या, त्यांनी वर पाहून विचारलं, "दीदी, कोई रो रहा है क्या?"

"हा तर मी सांगितलेला," मावशी म्हणाली. "मंग वेणूचा नाव कशाला?"

"तुझं नाव लपवायला."

"मी कवा बोललो लपवा म्हनून? मी त्याचासुदिक नाव सांगितला तिला. दिनानाथ मुकादम. तो कुठं राहतो, काय करतो, सगला सांगितला. मी बोललो, बाय, तू शिकलेली हाय, याला धरायचा कसा ता सांग मना. ता कुठं हाय यात?"

तूच सांग, अनुया, ते कुठं आहे?

ती माझ्या खोलीत वस्तीला राहिली नाही. वेणूबाईला म्हणाली, "चल." मी मागोमाग. वाडीत पोचलो तेव्हा वाळू ओट्यावर बसला होता. आजूबाजूची माणसं जमली. मावशी बसली नाही.

"वाळू, ती बाई मी."

वाळू हसला. "वाचवतेस तिला. तुमी बाया एकमेकींच्याच."

"मी रांडाव बाई. मना खोटा बोलून काय मिलायचा? भट्टीच्या मागं, मातीच्या ढिगाकडं. आमची खोपी एका टोकाला, वेणूची दुसऱ्या टोकाला. तुझी बायको तवा रातचा ताप अंगावर काढून विटा थापत व्हती, तुझ्या गोळ्यांसाठी. तिला तू लाकडानं मारलास."

वाळू म्हणाला, "कोन बघायला व्हता तुला?"

तेव्हा मी बोलले. काय बोलले ते आत्ता लिहीत नाही. वाळू उठून घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

वेणूबाईने त्या दाराकडे पाहिलं, ओट्याच्या कोपऱ्यातली आपली घोंगडी उचलली आणि माझ्याबरोबर परत विठ्ठलवाडीला आली.

सुषमा


विठ्ठलवाडी,
५ डिसेंबर २०२५

अनुया,

मावशीला तक्रार करायची आहे. मी तिला म्हटलं, खूप वर्षं झाली. ती म्हणाली, "तो मेला का? नाय ना? मंग?" दिनानाथ मुकादम मेलेला नाही. पालेगावला जिथे भट्टी होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्यांना रेती-विटा पुरवणारं ऑफिस त्याचं आहे. काचेचं दार, बाहेर त्याच्या वाढदिवसाचा बॅनर.

मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली, मावशीच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग. पहिल्यांदा तिने हे कुणाला सांगितलं ते तुला, आणि ते तुझ्याकडे तिच्या आवाजात आहे. तुझं उत्तर आलं : हा संशोधनाचा डेटा आहे, तो विद्यापीठाच्या मालकीचा आहे, सहभागी व्यक्तीच्या गोपनीयतेसाठी तो देता येत नाही.

सहभागी व्यक्तीच मागते आहे, अनुया! तिचा आवाज, तिच्या तोंडून निघालेला. जगाला ऐकवताना गोपनीयता आड आली नाही, आता तिलाच देताना आली.

मग रेकॉर्डिंगशिवाय गेलो. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी आम्हाला दुपारभर बसवून ठेवलं. त्याआधीच कुणीतरी दिनानाथला कळवलं असावं, कारण साहेबांच्या टेबलावर तुझ्या दिवाळीतल्या व्याख्यानाचा नेटवरचा मराठी मजकूर होता, छापून आणलेला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच प्राध्यापक ना? वाचा. 'ती न्याय मागत नाही.' परदेशातल्या डॉक्टर मॅडमनी लिहिलंय. हिला तेव्हा काही नको होतं, आता कोणी शिकवलं?" आणि मावशीकडे वळून, "मावशी, बिल्डिंगवाल्यांकडून काढायचे आहेत का काही?"

तुझं ते सुंदर वाक्य तिथे असं वापरलं गेलं, अनुया. ज्याच्याविरुद्ध ती बोलली होती, त्यानेच ते ढाल म्हणून पुढे केलं.

मावशीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलंय त्यात?" मी सांगितलं. ती साहेबांना म्हणाली, "ता तिनं लिवलाय. मी हितं उबी हाय. मना इचारा."

साहेबांनी विचारलं नाही. आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी वकील घेऊन वरच्या कार्यालयात गेलो, तिथून चक्रं फिरली आणि एका महिला उपनिरीक्षकांनी गुन्हा नोंदवला, अत्याचारप्रतिबंधक कायद्याच्या कलमांसह. त्यांनी विचारलं, "साक्षीदार आहे का कुणी?"

आता तुला ते लिहिते, जे वाडीत बोलले.

आई गेल्यावर मला चंद्रीमावशीने वाढवलं, हे तुला माहीत आहे. त्या साली शाळेतून नाव काढून ती मला भट्टीवर घेऊन गेली होती, कारण मागे कुणाकडे ठेवणार? मी खोपीत होते. कुडाच्या फटीतून मला मातीचा ढीग दिसत होता. मावशीचा आवाज ऐकू आला आणि मग तिचं तोंड दाबल्यावर तो बंद झाला. दिनानाथ ढिगामागून बाहेर आला तेव्हा त्याने खोपीकडे पाहिलं आणि तो मला म्हणाला, "काय गं, झोपली नाहीस?" त्यानंतर हंगाम संपेपर्यंत मावशी मला दोरीने स्वतःच्या हाताला बांधून झोपायची. मला वाटायचं, मी हरवू नये म्हणून.

वाडीत बोलेपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मावशीलाही नाही. वीटभट्टीवरच्या बायांच्या स्थलांतरावर मी प्रबंध लिहितेय आणि त्यात कुठेही 'मी' नाही. आपण किती रात्री एकत्र जागलो, किती चहा प्यायलो, तू माझ्या वाडीत दोन उन्हाळे राहिलीस, सगळ्या बायांशी बोललीस. मला कधी विचारलं नाहीस, सुषमा, तू होतीस का भट्टीवर? मी तुझ्यासाठी वाट दाखवणारी होते. मैत्रीण होते. माझ्याकडे ऐकण्यासारखं काही असेल, असं तुला वाटलं नाही.

मी उपनिरीक्षक मॅडमना म्हटलं, "साक्षीदार मी आहे."

मावशीने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी तुला सांगणार नाही. ते तुझ्या लेखात नको.

रेकॉर्डिंग तपास अधिकाऱ्यांकडे पाठव. मला नको, मावशीलाही नको. त्यांच्याकडे. आणि तिने तुझ्याकडे काय मागितलं होतं आणि तू काय गाळलंस, ते सही करून लिहून दे. तेवढं केलंस तर पुढचं बोलू.

सुषमा


विठ्ठलवाडी,
२५ जानेवारी २०२६

अनुया,

रेकॉर्डिंग पोचलं. तुझं सही केलेलं निवेदनही. 'न्यायाची तिची स्पष्ट मागणी मी माझ्या लेखातून वगळली,' असं तू लिहिलं आहेस. विभागाने नको म्हटलं असताना पाठवलंस, त्यावरून तुझ्यावर चौकशी बसली आहे, असं काकूंकडून कळलं. त्या परवा माझ्या खोलीवर आल्या होत्या. त्यांना आता सगळं ठाऊक आहे. वेणूबाईपुढे जमिनीवर बसल्या.

तू केलंस ते बरं केलंस. माझा राग गेलेला नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही तसंच राहू दे.

दिनानाथला अटक झाली. त्याचा बॅनर उतरला. वाडीतल्या तिघांना त्याच्या माणसांनी गाठलं, साईनाथला कारखान्याच्या दारात दम दिला. साईनाथने त्याचीही तक्रार दिली. दिनानाथ सुटेल, जामीन होईल, तारखा पडतील, मला सगळं दिसतंय. त्याच भट्टीवरच्या दुसऱ्या वाडीतल्या एका बाईने आता उपनिरीक्षक मॅडमना फोन केलाय. त्याबद्दल एवढंच.

वाळू दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा खाली उभा राहून हाका मारल्या. दुसऱ्यांदा वर आला आणि म्हणाला, "चल घरी, चुकला माझा." वेणूबाई म्हणाली, "ओट्यावर सगल्यांदेखत मारलास ना? तितंच सगल्यांदेखत बोल. मंग बगू." अजून तो बोललेला नाही. ती मालकीणबाईंकडे पापड लाटायला जाते आणि त्यांच्याकडून सिंधी शिव्या शिकून येते.

तू येणार आहेस आणि वाडीत जाऊन सगळ्यांची माफी मागायची आहे, असं लिहिलं आहेस. नको. वाडीत पुन्हा एकदा तुझ्याभोवती माणसं बसतील, तू रडशील, बाया तुला पाणी आणून देतील आणि तुझी समजूत काढतील. त्यांना तेवढा वेळ नाही. यायचं तर साक्षीच्या तारखेला ये. कोर्टात उभी राहा आणि तिने जे सांगितलं ते सांग. वाडीत बोलवायचं की नाही ते मावशी ठरवेल.

मागच्या आठवड्यात मावशीचा जबाब झाला, न्यायाधीशबाईंपुढे. मी साक्षीदार म्हणून बाहेर बाकावर. दार बंद. दुपार कलली तरी ती येईना. मला वाटलं, कोसळली.

बाहेर आली ती पदर खोचूनच. म्हणाली, "दोनदा टाइप करायला लावला."

"का गं?"

"बोलून झाल्यावर जज मॅडमनं वाचून दाखवला. सगला बरोबर. खाली त्या टाइपवाल्यानं घातलेला, 'मी हे सर्व निमूटपणे सहन केले.' मी बोललो, नाय, ता खोडा. मी चावलो त्याला, हातपाय मारलं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या दारात जाऊन बोंबललो. त्यानं कुत्रा सोडला माझ्यावर. मी सहन नाय केला. मना कोन सोडवायला आला नाय. असा लिवा."

"मग?"

"मॅडम माझ्याकडं बगत रायल्या. मंग त्याला बोलल्या, बाई सांगतात तसंच लिहा."

आणि तसंच लिहिलंय, अनुया. तिच्या नावाने, चंद्री म्हणून, खाली तिच्या अंगठ्यासकट.

सुषमा